रणगाड्यावरची धूळ

प्लॅस्टिकचा रणगाडा पेटीतून निघतो तेव्हा तो चौकटींना चिकटलेल्या लहान-मोठ्या तुकड्यांचा ढीग असतो. ते तुकडे कापायचे, कानशीने घासायचे, जोडायचे, मग रंग द्यायचा. रंग वाळला की वस्तू कोरी करकरीत दिसते. इथपर्यंतचं काम घरातल्या सगळ्यांना समजतं आणि आवडतंही. त्यानंतर जे सुरू होतं ते मात्र बघवत नाही. पंधरा दिवस जीव ओतून रंगवलेली वस्तू मुलगा मळवायला घेतो. रंगाचे टवके उडवतो, कानाकोपऱ्यांत काळपट पाणी सोडतो, वरून माती फासतो. आमच्या शेजारच्या खाला एकदा हे बघून म्हणाल्या, "अगं, पोराला आवर. चांगलं झालं होतं की!"

या मळवण्याला इंग्रजीत वेदरिंग म्हणतात. उर्दू शाळेत मराठी शिकवणं हे माझं काम. नवा शब्द आला की त्याला मराठी शोधायची सवय जात नाही. 'जुनं करणं' म्हटलं तर भागत नाही, कारण नुसतं जुनं व्हायला वस्तू कपाटात ठेवली तरी पुरते. इथे ऊन, वारा, धूळ तर हवीच, पण माणसांचा वावरही दिसायला हवा. शेवटी सातबाऱ्याच्या कागदांतला एक शब्द कामी आला : वहिवाट. जमीन कुणाच्या नावावर आहे यापेक्षा तिथे कोण वावरतं, हे सांगणारा शब्द. आमच्या घरात आता तोच चालतो. "मम्मी, उजव्या बाजूची वहिवाट झाली," असं मुलगा सांगतो.

ही पेटी त्याच्या मामूंनी रियाधहून आणली. मुलगा नववीत. मोबाइलपासून त्याला थोडं बाजूला काढायचं तर हाताला काही काम हवं, असं मी भावाला म्हटलं होतं. त्यांनी हे आणलं. आत निघाली मॅटिल्डा, दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश रणगाडा, पस्तीसपट लहान केलेला. खरी मॅटिल्डा साडेपाच मीटरांहून थोडी लांब, वजनाने सुमारे २७ टन, आत चार माणसं, आणि समोरचं पोलाद ७८ मिलिमीटर जाड. आमची सोळा सेंटिमीटर लांब, वीतभरही नाही.

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मीजाननी, पेटीवरचं चित्र पाहिलं आणि त्यांच्या हातातली तस्बीह थांबली.

"ये घर में कायकू?" त्या म्हणाल्या. "टीव्हीवर रोज हेच बघतो ना आपण? गाझात लोकांच्या घरांवरून हेच जातंय. आणि माझ्या नातवाने याला रंग लावत बसायचं?"

याला चटकन देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ऑक्टोबर २०२३ नंतर आमच्याकडे जेवताना टीव्ही बंद ठेवायचा नियम झाला, कारण अम्मीजानच्या घशाखाली घास उतरत नसे. पण मुलाच्या मोबाइलला तो नियम लागू नव्हता. तिथे रणगाडा दोनच रूपांत येई. एक, बातम्यांच्या तुकड्यांत भिंती पाडत जाणारा. दुसरा, गेममध्ये त्याच्या बोटावर चालणारा. एकाची भीती वाटे, दुसऱ्याची मजा. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती : ते आपोआप चालणारं यंत्र होतं. आत माणूस आहे आणि समोरही माणूस आहे, हे त्या चौकोनी काचेत कुठे जाणवत नव्हतं.

मी अम्मीजानना म्हटलं, "तो हे बघणारच आहे. निदान हाताने करू दे. मी शेजारी बसेन." त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "नमाजच्या खोलीत नको," एवढंच बोलून त्यांनी तस्बीह पुढे सुरू केली.

दुसरा प्रश्न पेटीतूनच निघाला. रणगाड्यासोबत कमांडरही होता. पाच सेंटिमीटरांचा माणूस, टोपी घातलेला, झाकणातून वर येऊन दूर बघणारा. आमच्या घरात शेल्फवर माणसाची आकृती ठेवत नाहीत. यावर वेगवेगळी मतं आहेत, हे वाचकांना माहीत आहे. मी इथे मसला सांगत नाही, घरचा रिवाज सांगते. मुलाने मदरशात ऐकलेली हदीस पुढे केली. हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत, त्यांच्या खेळण्यांत पंखांचा घोडाही होता, आणि तो पाहून रसूलुल्लाह (स.) हसले होते. "त्या तेव्हा लहान होत्या," अम्मीजान म्हणाल्या. "तुला मिसरूड फुटतंय." त्याच्या अब्बांनी वाद वाढू न देता कमांडरला एका पाकिटात घालून पेटीत परत ठेवलं. मुलगा दोन दिवस रुसला. त्याने इंटरनेटवर पाहिलेल्या सगळ्या नमुन्यांत माणसं होती. "रिकामी गाडी पार्किंगमध्ये उभी केल्यासारखी दिसेल," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि पुढचं सगळं काम त्या एका वाक्यातून निघालं. माणूस दाखवायचा नाही, तर तो तिथे होता हे कशावरून कळेल? फक्त रंगावरून आणि मळावरून.

रंग ठरवायचा तर आधी रणगाडा कुठला, कधीचा, हे ठरवावं लागतं. नुसती 'मॅटिल्डा' अशी काही वस्तू नसते. फ्रान्समधली मॅटिल्डा वेगळ्या रंगाची, रशियाला पाठवलेली वेगळी, ऑस्ट्रेलियन सैन्याने न्यू गिनीच्या जंगलात नेलेली आणखी वेगळी. मुलाला तीन रंगांची नक्षी आवडली होती, म्हणून आम्ही वाळवंट निवडलं : इजिप्त, १९४० चा डिसेंबर. त्या नक्षीला कॉन्टर पद्धत म्हणतात, ती ठरवणाऱ्या ब्रिटिश ब्रिगेडियरच्या नावावरून. तळाला वाळूसारखा फिका पिवळट रंग, त्यावर राखाडी आणि गडद पाटीच्या रंगाचे तिरपे पट्टे. आपल्याला सैन्याच्या कपड्यांवरचे गोल, वेडेवाकडे डाग माहीत असतात. इथे मात्र सगळ्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ.

मुलाला वाटलं, हे तर उलट उठून दिसेल. मी त्याला टिटवीच्या अंड्यांची आठवण दिली. आमच्या नगर भागात माळावर टिटवी उघड्यावरच अंडी घालते. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. मातकट अंड्यावर काळपट ठिपके असतात आणि ते ठिपके अंड्याची गोल कड मोडून टाकतात. डोळा आधी वस्तूची कड शोधतो. कड तुटली की वस्तू हरवते. ह्यू कॉट नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९४० साली प्राण्यांच्या रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे इजिप्तमध्ये सैनिकांना हीच विद्या शिकवली. पक्षी, पतंग, मासे यांच्याकडून माणूस लपायला शिकला. मॅटिल्डावरचे तिरपे पट्टे हेच करतात. लांबून, उन्हाच्या झळांतून बघणाऱ्याला अखंड रणगाडा दिसत नाही, उजेड-सावलीचे तुकडे दिसतात.

त्या राखाडी रंगाची एक गंमत आहे. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातली मॅटिल्डा बरीच वर्षं फिकट निळ्या पट्ट्यांनी रंगवलेली होती. ती पाहून जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या मॅटिल्डा निळ्या केल्या. पुढे जुने कागद आणि रंगांचे नमुने तपासल्यावर समजलं, की तो रंग निळा नव्हे, हिरवट छटेचा राखाडी होता. मुलाला निळाच हवा होता, कारण तो छान दिसतो. मी म्हटलं, तुझा रणगाडा, तू ठरव. दोन दिवसांनी त्याने स्वतःच राखाडीत हिरव्याचा थेंब टाकला. "एकाने चुकीचं सांगितलं आणि सगळ्यांनी फॉरवर्ड केलं," असं त्याचं म्हणणं.

प्रत्यक्ष रंगकामाबद्दल थोडं सांगते, कुणाच्या घरी हा नाद शिरला तर उपयोगी पडेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे दुपारी ऍक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून काम फजरनंतर. पंखा बंद. आधी प्रायमरचा पातळ हात, मग तळरंग. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे, नाहीतर खिळ्यांची डोकी बुजतात. रंगात किंचित पांढरा मिसळायचा. लांबचे डोंगर फिके दिसतात ना, तसंच आहे हे. सोळा सेंटिमीटरांचा रणगाडा आपण हातात धरतो, पण डोळ्याला तो पंधरा-वीस मीटरांवर उभा असल्यासारखा वाटला पाहिजे. सरळ कडांसाठी मास्किंग टेप. टेप नखाने दाबून बसवायची, म्हणजे रंग आत झिरपत नाही. तिन्ही रंग वाळले की वॉर्निशचा एक थर, पुढच्या मळवण्यापासून खालचा रंग वाचावा म्हणून.

मग वहिवाट. पहिला दिवस मुलाचा मनासारखा गेला. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून त्याने सगळीकडे ठिपके मारले, बिर्याणीवर तळलेला कांदा पसरावा तसे. मी विचारलं, "इथे रंग कशाने गेला?"

"घासून."

"कोण घासलं?"

तो गप्प झाला. मी त्याला हिशोब करायला सांगितला. पस्तीसपट लहान म्हणजे इथला एक मिलिमीटर खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. तू मारलेला तीन मिलिमीटरांचा टवका म्हणजे माझ्या तळहाताएवढा. एवढा रंग कशाने गेला, हे सांगता आलं पाहिजे. त्याने वॉर्निशवरचे ठिपके पुसून काढले आणि म्हणाला, "खरा बघायला पाहिजे."

आमच्या गावात ती सोय आहे. नगरला सैन्याचं रणगाडा संग्रहालय १९९४ सालापासून आहे, आणि तिथे मॅटिल्डाही आहे. रविवारी आम्ही दोघं गेलो. तिच्यासमोर तो बराच वेळ उभा होता. आतापर्यंत ती त्याच्या तळहातावर मावत होती. इथे तो तिच्या पट्ट्यांशेजारी उभा होता, आणि वर चढायचं झालं तर पाय कुठे ठेवायचा, हात कुठे धरायचा, हे त्याने लांबूनच मोजलं. संग्रहालयातले रणगाडे नीट रंगवून ठेवलेले असतात, म्हणून झिजलेला रंग काही तिथे मिळाला नाही. तो परतताना मिळाला, एसटी स्टँडवर.

लाल बसच्या दाराशी एक उभा दांडा असतो. चढणारा प्रत्येक जण तो एकाच उंचीवर धरतो. तेवढ्याच वीतभर जागी रंग जाऊन खालचं लोखंड चकाकत होतं, वर आणि खाली रंग शाबूत. पायरीच्या मधोमध खड्डा, कडांना रंग. मुलाने फोटो काढले. मग त्याला नाद लागला. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीचे दात मातीत घासून आरशासारखे झालेले, पण खोऱ्याच्या वरच्या अंगाला पिवळा रंग तसाच. शेजारच्या दुकानदाराच्या सायकलचा नळा एका बाजूला झिजलेला, कारण तो नेहमी एकाच बाजूने टांग टाकतो. मशिदीत वुजूच्या नळांपैकी सावलीतल्या दोन नळांची पितळ पिवळीधमक, उन्हातल्यांची काळवंडलेली. कुठेही माणूस समोर नव्हता आणि सगळीकडे माणूस होता.

घरी आल्यावर तो अम्मीजानच्या खोलीत गेला. त्यांची एक जुनी जानमाज आहे, मेंदी रंगाची, माझ्या सासऱ्यांनी हजवरून आणलेली. सासऱ्यांनी तिच्यावर अनेक वर्षं नमाज पढली, त्यांच्या इंतकालनंतर अम्मीजान पढतात. मुलाने ती खिडकीच्या उजेडात धरली. कपाळ टेकतं तिथे लव गेलेली, तळहातांच्या दोन जागा, गुडघ्यांच्या दोन जागा, आणि खाली पायांची बोटं दुमडतात तिथे पार जाळी झालेली. "दादी, हे बघा," तो म्हणाला, "दादांची वहिवाट." अम्मीजाननी हातातलं काम ठेवलं आणि त्या बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत बसल्या. गुडघ्यांच्या जागा लांब-लांब होत्या त्या सासऱ्यांच्या, जवळच्या त्यांच्या स्वतःच्या. रोज त्याच कापडावर सजदा करून हे त्यांना दिसलं नव्हतं.

त्यानंतर मुलाचा हात बदलला. टवका मारण्याआधी तो रणगाडा फिरवून बघू लागला. ड्रायव्हर पुढून आत उतरतो, तर त्याचे बूट इथे घासणार. कमांडर वर येऊन झाकणाच्या कडेला हात टेकणार, तर रंग इथे जाणार, दोन तळव्यांएवढाच. डिझेल भरताना थोडं सांडणार, तिथे तेलकट ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ. टवक्याखाली काय दिसेल, हेही त्याने शोधलं. हे रणगाडे १९४० च्या शरदात इंग्लंडहून बोटीने आले आणि वाळवंटाचे रंग त्यांना इजिप्तमध्ये चढले. म्हणून वाळूच्या रंगाचा पापुद्रा उडाला की खाली आधी इंग्लंडचा हिरवा, आणि फार घासलं तरच पोलाद. त्याने शून्य नंबरच्या ब्रशने हिरव्याचे बारीक ठिपके दिले आणि त्यांच्या पोटात त्याहून बारीक तपकिरी. गंज जवळपास नाही, कारण तिथली हवा कोरडी. पट्टे वाळूत घासून चकाकतात, त्यासाठी मऊ शिसपेन्सिल कडांवरून फिरवली. बोटाने पुसली की अगदी लोखंड.

धुळीचा प्रश्न उरला. आमची काळी माती चालेना, तिने रणगाडा थेट नेवाशाच्या उसात गेल्यासारखा दिसला असता. तिकडची धूळ चुनखडीची, फिकट. विकतची पूड महाग. उत्तर अम्मीजानच्या कपाटात होतं : मुलतानी माती. मलमलीतून वस्त्रगाळ केली, तिच्यात पांढऱ्या खडूची पूड मिसळली, कोरड्या ब्रशने खालच्या भागाला जास्त आणि वरच्याला कमी अशी लावली, आणि औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटचा थेंब सोडून बसवली. हात टेकतात, पाय पडतात त्या जागा पुन्हा पुसून घेतल्या. धूळ सगळीकडे बसते, पण वावराच्या जागी टिकत नाही.

हे चालू असताना, मगरीबनंतर, आम्ही त्या डिसेंबरबद्दल वाचत होतो. नेमका दिवस ९ डिसेंबर १९४०. इजिप्तमधल्या सिदी बर्रानीच्या दक्षिणेला निबेवा नावाची इटालियन छावणी होती. ब्रिटिशांच्या सातव्या रॉयल टँक रेजिमेंटच्या मॅटिल्डा आणि त्यांच्यासोबत आपली चौथी हिंदी डिव्हिजन रात्रीतून छावणीच्या मागे पोहोचल्या. इंजिनांचा आवाज झाकावा म्हणून वरून विमानं फिरवली होती. लपणं रंगाचंच नसतं, आवाजाचंही असतं. सकाळी सातच्या सुमारास, छावणीत नाश्त्याची तयारी चालू असताना, ज्या बाजूला सुरुंग पेरलेले नव्हते तिकडून हल्ला झाला. इटालियनांच्या तोफगोळ्यांनी मॅटिल्डाचं पोलाद भेदता येईना. काही तासांत सगळं संपलं. त्यांचा जनरल मालेत्ती तिथेच मारला गेला.

मुलाला इथपर्यंत ती जिंकल्याची गोष्ट वाटत होती. मग छावणीत कोण होतं ते वाचलं. इटालियन तर होतेच, पण मालेत्तीच्या हाताखाली लिबियन पलटणीही होत्या. अम्मीजान ऐकत होत्या. "लिबियाचे? म्हणजे आपलेच?" त्यांनी विचारलं. हो, मुसलमान. कुरआन शिकवणारे वृद्ध उमर मुख्तार यांना इटालियनांनी सप्टेंबर १९३१ मध्ये फाशी दिली, त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. आणि त्याच इटलीच्या वर्दीत लिबियाची पोरं निबेवात उभी होती. समोरून येणारे हिंदी शिपाई ब्रिटिशांच्या वर्दीत. त्यांच्यातही मुसलमान होते, हिंदू होते. दोन्हीकडच्या या लोकांचा देश त्यांच्या हातात नव्हता. आणि सिदी बर्रानी हे गावाचं नावच एका सेनुसी शेखवरून पडलेलं, म्हणजे उमर मुख्तार ज्या सिलसिल्याचे, त्याच सिलसिल्याचे बुजुर्ग.

त्या रात्री कुणी फार बोललं नाही.

रणगाडा पुरा झाला तो सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात. रिकामा, झाकण उघडं, आणि खरंच सांगते, पार्किंगमधल्या गाडीसारखा मुळीच दिसत नव्हता. आताच कुणीतरी उतरून पाणी प्यायला गेलंय, असा दिसत होता. मुलाने तो अम्मीजानच्या हातावर ठेवला. त्यांनी चष्मा पुसून सगळ्या बाजूंनी बघितला. इथे पाय, इथे हात, इथे तेल सांडलं, असं तो दाखवत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आतल्यांच्या निशाण्या दिसल्या," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यावर गेला, त्यांच्या कुठं आहेत?"

हा प्रश्न पहिल्या दिवसाचाच होता. फक्त आता तो हातात रणगाडा धरून विचारला होता. वहिवाट कितीही खरी केली तरी ती आतल्या चौघांचीच सांगते. समोरच्याचं काहीच पोलादावर राहत नाही. या नादातली सगळी कारागिरी एका बाजूचीच साक्ष देते, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. मुलगा "रक्ताचे डाग?" असं पुटपुटला आणि लगेच स्वतःच "नको" म्हणाला. मला बरं वाटलं. गेममध्ये रक्त फार सोपं असतं.

पुढचे चार दिवस त्याने काय चाललंय ते सांगितलं नाही. सुताराकडून फळीचा तुकडा आणला, त्यावर फेव्हिकॉल आणि गाळलेली वाळू बसवली. रणगाडा मधोमध न ठेवता एका कडेला ठेवला. उरलेल्या जागेत तीन दगड, त्यांच्यात जळकी काडी ठेचून केलेली राख, आणि बाजूला कलंडलेली एक किटली. तांब्याच्या तारेची कडी, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचं पोट, आकाराने तुरीच्या दाण्याएवढी. शेजारी दोन वाट्या, पालथ्या. माणूस एकही नाही. तिकडे रणगाड्याच्या पट्ट्यांच्या खुणा वाळूत येऊन थांबलेल्या. किटली चिरडलेली नव्हती. नुसती सोडून दिलेली होती. ती धरणारा हात कुठे गेला, हे विचारल्याशिवाय बघणाऱ्याला पुढे जाता येत नाही.

अम्मीजाननी वाकून बघितलं. "चाय?" त्यांनी विचारलं.

"कॉफी असेल, दादी. इटालियन होते."

"लिबियाचे पण होते ना. त्यांची चाय असेल." मग त्यांनी हात उचलून, ओठांतल्या ओठांत, दुआ केली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. दोन वाट्या होत्या आणि आतले चौघे होते. त्यांच्या दुआत जागा कमी पडत नाही.

आता ती फळी बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या शेल्फवर आहे. नमाजच्या खोलीत नाही, तो करार पाळलाय. मुलगा अजून मोबाइल बघतो, त्याबद्दल मी मोठे दावे करणार नाही. एवढंच सांगते, की परवा बातम्यांत एका गल्लीत उभा रणगाडा दाखवत होते आणि तो रणगाड्याकडे नव्हे, मागच्या दोरीवर वाळत राहिलेल्या कपड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "मम्मी, कपडे काढायलाही वेळ मिळाला नाही त्यांना."

फळीच्या पुढच्या कडेला त्याने कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. इतर लोक तिथे रणगाड्याचं नाव, नमुना, रेजिमेंट लिहितात. याने वर उर्दूत आणि खाली मराठीत लिहिलं आहे : निबेवा, ९ डिसेंबर १९४०, सकाळी सात.

"रणगाड्याचं नाव राहिलं की," मी म्हटलं.

"तो दिसतोच ना, मम्मी," तो म्हणाला.